विश्लेषण : राधा यादव सतराव्या वर्षी भारतीय संघात कशी पोहोचली? सोनगीरच्या मुलीसाठी ती वाट किती लांब?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने राज्याच्या तीन खेळाडूंचा प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये देऊन गौरव केला. त्यातल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला आणि मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला आता घराघरात ओळखतात. दोघीही फलंदाज. तिसरी होती डावखुरी फिरकी गोलंदाज राधा यादव. तिच्याविषयी तुलनेने कमी बोलले गेले. मात्र, साध्या घरातली मुलगी गोलंदाज म्हणून वर कशी येते, कुठे अडते आणि परत कशी उभी राहते, हे समजून घ्यायचे असेल तर राधाची पहिली दहा वर्षे पाहण्यासारखी आहेत. धुळे तालुक्यातल्या सोनगीरसारख्या गावातल्या मुलीला ही वाट कितपत खुली आहे, हा त्यातूनच निघणारा प्रश्न.

राधाची सुरुवात कुठून झाली?

राधाचा जन्म २१ एप्रिल २००० रोजी मुंबईत झाला. कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातले. वडिलांचा कांदिवलीत दूध-भाजीचा छोटा धंदा आणि राहायला सव्वादोनशे चौरस फुटांची खोली. घरात क्रिकेटची परंपरा नव्हती आणि किट घेण्याची ऐपतही नव्हती. राधा इमारतीच्या आवारात मुलांबरोबर खेळायची. तिथे प्रशिक्षक प्रफुल्ल नाईक यांची नजर तिच्यावर पडली. त्यांनी घरच्यांना समजावले, सरावाची सोय लावली आणि पुढची बरीच वर्षे तिला घडवले.

या गोष्टीत ‘गरिबीतून यश’ एवढेच पाहिले तर महत्त्वाचा भाग निसटतो. राधाचे घर लहान होते, पण ते मुंबईत होते. मैदान, प्रशिक्षक, निवड चाचणी आणि स्थानिक सामने हे सगळे लोकलच्या एका पासात येत होते. २०१४-१५ च्या मोसमात, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी तिने मुंबईच्या वरिष्ठ महिला संघाकडून पहिला सामना खेळला. मुलीने गोलंदाजीला सुरुवात केल्यापासून राज्याच्या संघापर्यंत पोहोचायला लागलेला काळ तीन-चार वर्षांचा. ग्रामीण भागातल्या मुलीची हीच तीन-चार वर्षे मैदान शोधण्यात जातात.

मग मुंबई सोडून बडोदा का?

नाईक बडोद्याला गेले, तेव्हा राधाही त्यांच्याबरोबर गेली आणि तिथल्या संघाकडून खेळू लागली. मुंबईसारखा नावाजलेला संघ सोडणे वरवर पाहता तोट्याचे वाटते. गोलंदाजाच्या हिशेबाने ते तसे नव्हते. मुंबईच्या संघात अनुभवी खेळाडूंची रांग असते. तिथे पंधरा वर्षांच्या मुलीला अकरा जणींत जागा मिळाली तरी पूर्ण षटके मिळतीलच असे नाही. दुसऱ्या संघात तीच मुलगी मुख्य गोलंदाज होऊ शकते.

संघ बदलायचा तर आधीच्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या ठिकाणी राहण्याची सोय लागते. राधाकडे त्यासाठी प्रशिक्षकाचा आधार होता. महाराष्ट्रातच याचे आणखी एक उदाहरण आहे. सोलापूरची किरण नवगिरे महाराष्ट्राकडून नागालँडकडे गेली. एप्रिल २०२२ मध्ये तिने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध टी-२० सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती इंग्लंडविरुद्ध भारताकडून खेळली. ती फलंदाज आहे, पण मुद्दा तोच आहे. खेळायला मिळाले म्हणून ती दिसली.

सतराव्या वर्षी भारतीय संघात कशी आली?

२०१८ च्या सुरुवातीला भारतीय संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. डावखुरी फिरकी गोलंदाज राजेश्वरी गायकवाड जखमी झाली आणि तिच्या जागी राधाला बोलावणे आले. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी पोचेफस्ट्रूम येथे तिने टी-२० पदार्पण केले. तेव्हा तिला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते.

तिची गोलंदाजी फार उंचीवरून तरंगणारी नव्हती. चेंडू जरा सपाट, वेगात आणि यष्टींच्या रोखाने. उजव्या हाताच्या फलंदाजाला तो बाहेर वळतो आणि मारायला जागा देत नाही. टी-२० साठी हे हत्यार उपयोगी होते. शिवाय ती संघातल्या सर्वांत चपळ क्षेत्ररक्षकांपैकी एक. नव्या गोलंदाजाला चार षटके नीट पडली नाहीत तरी सीमारेषेवर पाच-दहा धावा वाचवता आल्या, तर कर्णधार तिला पुढच्या सामन्यात सहज काढत नाही. हे कौशल्य मुंबईच्या आवारात मुलांबरोबर खेळतानाच रुजले असावे.

त्यानंतरची दोन वर्षे भरभराटीची होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी मेलबर्नमध्ये टी-२० विश्वचषकाच्या साखळी सामन्यात श्रीलंकेविरुद्ध तिने २३ धावांत ४ बळी घेतले आणि ती सामनावीर ठरली. आठवडाभराने, ८ मार्चला, ८६ हजार १७४ प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. भारत तो ८५ धावांनी हरला. ३९ चेंडूंत ७५ धावा कुटणाऱ्या अलिसा हिलीला त्या दिवशी बाद केले ते राधाने. याच काळात लागोपाठ २५ हून अधिक टी-२० आंतरराष्ट्रीय सामन्यांत किमान एक बळी घेण्याचे सातत्यही तिने दाखवले. तेव्हा ती जेमतेम विशीत होती.

इतक्या लहान वयात पदार्पण ही नवी गोष्ट आहे का?

नाही. महिला क्रिकेटमध्ये सतरा हे वय जुने आहे. भारतीय महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. तीन वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळूरुमध्ये भारतीय महिला पहिला कसोटी सामना खेळल्या. वेस्ट इंडिजविरुद्धच्या त्या सामन्यात पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी यांनी पदार्पणातच डावात पाच बळी घेतले. त्यांचे वय होते सतरा. पुढे त्या १९ कसोटी सामने खेळल्या, भारताच्या कर्णधार झाल्या आणि १९८५ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत १९ कसोटी, हे त्या काळी भारतीय महिलेसाठी खूप होते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. पुण्याचीच लेगस्पिनर देविका वैद्य २०१४ मध्ये सतराव्या वर्षी भारताकडून पहिला टी-२० सामना खेळली. तिचा पुढचा टी-२० आंतरराष्ट्रीय सामना आला तो डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. मध्ये ती एकदिवसीय संघात आली, गेली. सतराव्या वर्षी टोपी मिळणे म्हणजे कारकीर्द पक्की होणे नव्हे, हे यातून दिसते. संघात पोहोचण्यापेक्षा तिथे टिकून राहणे अवघड. गोलंदाजाला ते फलंदाजापेक्षाही अवघड जाते.

गोलंदाजाला कमतरता कशाची असते?

साधा हिशेब करू. समजा एका मुलीच्या संघाला एका मोसमात सात एकदिवसीय साखळी सामने मिळाले. गोलंदाजाला एका सामन्यात जास्तीत जास्त १० षटके टाकता येतात. ती प्रत्येक सामना खेळली आणि प्रत्येकात पूर्ण षटके मिळाली, तरी मोसमातले चेंडू होतात ४२०. टी-२० मध्ये सामन्याला २४ चेंडू, सात सामन्यांचे १६८. दोन्ही मिळून वर्षाला ५८८. सरावात रोज १०० चेंडू टाकणारी मुलगी एवढे चेंडू सहा दिवसांत टाकते. प्रत्यक्षात पूर्ण षटके फार थोड्यांना मिळतात, पाऊस येतो, एखाद्या सामन्यात बाहेर बसावे लागते. म्हणजे खरा आकडा याच्या निम्म्यावरही येऊ शकतो.

नेटमध्ये चेंडू टाकून हात बसतो. पण मागच्या चेंडूवर षटकार बसल्यावर पुढचा कुठे टाकायचा, सीमारेषेवरची क्षेत्ररक्षक कुठे हलवायची, दवामुळे चेंडू हातातून सटकत असताना काय करायचे, हे सामन्यातच कळते. फलंदाज एका सामन्यात अपयशी ठरली तर ती एक चूक असते. गोलंदाजाने वीस चेंडू चांगले टाकले आणि चार वाईट, तर लोकांना ते चारच आठवतात. म्हणून गोलंदाजाच्या कारकिर्दीत सर्वांत महाग वस्तू कोणती, तर सामन्यातले चेंडू.

चेंडूच्या वजनाचाही प्रश्न आहे. महिलांच्या क्रिकेटमधला चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. गावाकडे मुली बहुधा टेनिस बॉलवर शिकतात किंवा मुलांच्या सीझन बॉलवर. फिरकी गोलंदाजाची बोटे ज्या शिवणीवर आणि ज्या वजनावर बसतात, त्यावरच चेंडूचा टप्पा ठरतो. निवड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदाच मुलींचा चेंडू हातात आला, तर पहिली दोन षटके अंदाज घेण्यातच जातात आणि चाचणीत अनेकदा दोनच षटके मिळतात.

जास्त दिवसांच्या सामन्यांची कमतरता तर आणखी मोठी. भारतीय महिला संघ २००६ नंतर थेट २०१४ मध्ये कसोटी खेळला आणि त्यानंतर २०२१ मध्ये. देशांतर्गत पातळीवर विभागीय संघांची तीन दिवसांची स्पर्धा २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा सुरू झाली. दिवसाला वीस षटके टाकायची सवय नसलेल्या फिरकी गोलंदाजाला कसोटीत अचानक ती कशी येणार?

पदार्पणानंतर राधाचे काय झाले?

मार्च २०२१ मध्ये राधाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय पदार्पण केले, पण २०२२ च्या एकदिवसीय विश्वचषकाच्या संघात ती नव्हती. फेब्रुवारी २०२३ च्या टी-२० विश्वचषकानंतर तिची टी-२० संघातली जागाही गेली. त्या वर्षी जुलैमध्ये बांगलादेश दौऱ्यासाठी संघ निवडला गेला तेव्हा तिचे नाव नव्हते. त्याच जागेवर अनुषा बारेड्डीला आणि वर्षाअखेरीस सायका इशाकला संधी मिळाली. दोघीही डावखुऱ्या फिरकी गोलंदाज. अकरा जणींत या शैलीची सहसा एकच जागा असते. त्यामुळे एकीचे येणे म्हणजे दुसरीचे जाणे. राधा तेव्हा २३ वर्षांची होती आणि तिच्या मागे पाच वर्षांचा आंतरराष्ट्रीय अनुभव होता.

तिचे परत येणे देशांतर्गत सामने आणि महिला प्रीमियर लीग यांच्या वाटेने झाले. २०२३ च्या पहिल्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने तिला ४० लाख रुपयांना घेतले होते. भारतीय संघाबाहेर असतानाही मोठ्या फलंदाजांना गोलंदाजी करण्याची सोय यामुळे राहिली. एप्रिल-मे २०२४ मध्ये ती बांगलादेश दौऱ्यावर परतली. पाच टी-२० सामन्यांत १० बळी घेऊन मालिकावीर ठरली आणि भारताने मालिका ५-० अशी जिंकली. जुलैमध्ये आशिया चषकाच्या उपांत्य सामन्यात बांगलादेशविरुद्धच १४ धावांत ३ बळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात ६९ धावांत ४ बळी, मागे धावत जाऊन घेतलेला ब्रूक हॅलिडेचा अफलातून झेल आणि वर तळाला येऊन ४८ धावा. भारत तो सामना हरला, पण राधाने एकदिवसीय संघाचे दार पुन्हा ठोठावले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर गेलेल्या भारत ‘अ’ संघाची ती कर्णधार होती.

विश्वचषकातही तिची गोष्ट सरळ नव्हती. साखळीचा बहुतेक टप्पा तिने बाहेर बसून काढला. २६ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध संधी मिळाली आणि तिने ३० धावांत ३ बळी घेतले. सामना पावसाने धुतला गेला, पण तिची जागा राहिली. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिला मार बसला, तरी ७७ धावांवर खेळणाऱ्या एलिस पेरीचा त्रिफळा तिनेच उडवला. अंतिम सामन्यात बळी मिळाला नाही. मात्र दीप्ती शर्माच्या गोलंदाजीवर सिनालो जाफ्ताचा झेल तिच्याच हातात विसावला. विश्वविजेत्या संघातल्या गोलंदाजाचे हे आकडे दिपवणारे नाहीत. पण वयाच्या पंचविशीत, सात वर्षांच्या चढउतारानंतर, कर्णधाराला अंतिम सामन्यात ती अकरात हवी होती.

सोनगीरच्या मुलीची वाट कुठून जाते?

आता नकाशा पाहू. महाराष्ट्र राज्य एक असले तरी क्रिकेटच्या दृष्टीने ते तीन संघटनांत विभागलेले आहे. मुंबई आणि परिसर मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे, नागपूर-अमरावतीकडचे जिल्हे विदर्भाकडे आणि उरलेला महाराष्ट्र पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे एमसीएकडे. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एमसीएत येतात. म्हणून जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाण्यातली मुलगी विदर्भासाठी चाचणी देते, तर जळगावची मुलगी पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या मुलींच्या स्पर्धेत उतरते.

सोनगीर मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि किल्ल्यासाठी ओळखले जाणारे हे गाव. इथल्या मुलीची पहिली पायरी म्हणजे धुळ्याची जिल्हा निवड चाचणी. दुसरी, जिल्ह्याच्या संघातून एमसीएच्या स्पर्धा. तिसरी, राज्याचा १५, १९ किंवा २३ वर्षांखालील संघ. चौथी, वरिष्ठ संघ. त्यापुढे विभागीय संघ, भारत ‘अ’ आणि भारत. दुसऱ्या पायरीपासून प्रवास बहुधा पुण्याच्या दिशेने होतो आणि धुळ्याहून पुणे तीनशे किलोमीटरहून जास्त आहे. चौदा वर्षांच्या मुलीबरोबर दर वेळी घरातले कुणीतरी जाणार, म्हणजे एका चाचणीमागे दोघांचे भाडे, दोन दिवसांचा रोजगार किंवा शेतातले काम आणि मुलीची शाळा. कांदिवलीच्या राधाला हा खर्च नव्हता. तिचे घर गरीब होते, पण मैदानापासून दूर नव्हते. सोनगीरमध्ये घरची परिस्थिती थोडी बरी असली, तरी हे अंतर कमी होत नाही.

एमसीएतून जिल्ह्याच्या मुली वर येतच नाहीत, असे मात्र नाही. कोल्हापूरची ऑफस्पिनर अनुजा पाटील २०१२ च्या टी-२० विश्वचषकात भारताकडून खेळली. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे. चेंडू सोडताना तिचे डोके इतके खाली झुकते की नजर जमिनीकडे जाते. दक्षिण आफ्रिकेच्या पॉल अॅडम्सची आठवण करून देणारी ही शैली. २४ मे २०२२ रोजी गहुंजेच्या मैदानावर महिला टी-२० चॅलेंज स्पर्धेत ती व्हेलॉसिटी संघाकडून सुपरनोव्हाज विरुद्ध खेळली आणि तिच्या गोलंदाजीची चित्रफीत देशभर फिरली. पुस्तकात न बसणारी शैली बदलायला न लावता तिला राज्य संघापर्यंत खेळू दिले गेले, ही लहान गोष्ट नाही.

सोनगीरहून त्याच महामार्गाने शिरपूर ओलांडून उत्तरेला गेले की मध्य प्रदेश लागतो. तिथले चित्रही पाहावे. छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारासारख्या लहान गावातली वेगवान गोलंदाज क्रांती गौड डिसेंबर २०२४ मध्ये वरिष्ठ एकदिवसीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बंगालविरुद्ध चार बळी घेते, मध्य प्रदेश पहिल्यांदा ती स्पर्धा जिंकतो, पुढच्या मे महिन्यात क्रांती भारताकडून खेळते आणि २२ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमध्ये ५२ धावांत ६ बळी घेते. गाव किती लहान आहे, याने फारसे अडत नाही. गावातल्या मुलीला योग्य वयात संघटनेने हेरले का, याने अडते.

पैसा किती आणि कधी?

भारताकडून खेळणाऱ्या महिलांना ऑक्टोबर २०२२ च्या निर्णयानंतर पुरुषांइतकीच सामना रक्कम मिळते. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख रुपये. पण ही रक्कम मोजक्या मुलींसाठी. जास्त मुलींना लागू होतो तो देशांतर्गत दर. डिसेंबर २०२५ मध्ये बीसीसीआयने वरिष्ठ महिलांचे एकदिवसीय आणि अधिक दिवसांच्या सामन्यांचे मानधन दिवसाला २० हजारांवरून ५० हजार रुपये केले. कनिष्ठ गटातील मुलींना २५ हजार. राखीव खेळाडूंना त्याच्या निम्मे. वरचाच हिशेब लावला, तर सात एकदिवसीय सामने अकरात राहून खेळणाऱ्या वरिष्ठ खेळाडूला त्या स्पर्धेचे साडेतीन लाख रुपये मिळू शकतात. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्याला हा आकडा कळतो.

महिला प्रीमियर लीगचे आकडे मोठे असतात, पण जागा मोजून पाहाव्यात. पाच संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त १८ खेळाडू. त्यातल्या सहा परदेशी धरल्या तर भारतीय मुलींसाठी साधारण ६० जागा. २०२६ च्या मोसमासाठी झालेल्या लिलावात राधाला बंगळूरुने ६५ लाखांना घेतले. त्या रकमेकडे पाहून मुलीला क्रिकेटमध्ये घालणे म्हणजे सोडतीचे तिकीट काढण्यासारखे आहे. देशांतर्गत मानधन हा त्यापेक्षा खरा आधार, आणि तोही राज्याच्या संघात पोहोचल्यावरच. त्याआधीची पाच-सहा वर्षे पैसा फक्त घरातून जातो. राधाच्या गोष्टीत ती वर्षे प्रशिक्षकाने पेलली. ज्या मुलीला असा माणूस भेटत नाही, तिचे नाव आपल्यापर्यंत येत नाही.

पालकांनी काय पाहावे?

पहिले, जन्माचा दाखला. १५ वर्षांखालील मुलींसाठी बीसीसीआय कागदपत्रांबरोबर हाडांच्या वयाची चाचणीही करते. शाळेत घालताना तारीख अंदाजे लिहिली असेल आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीशी जुळत नसेल, तर अडचण आधीच दूर करावी. दुसरे, चाचणीची तारीख जिल्हा संघटनेकडून वेळेत कळण्याची सोय. चांगली गोलंदाजी करणारी मुलगी तारीख न कळल्याने एक वर्ष गमावते, आणि १५ वर्षांखालील गटात मुळात दोन-तीनच वर्षे असतात. तिसरे, अकादमी निवडताना नेट किती चकाचक आहे यापेक्षा वर्षात मुलींना किती सामने मिळतात, हे विचारावे. आठवड्यातून पाच दिवस सराव आणि वर्षात दोन सामने, ही गोलंदाजासाठी वाईट अदलाबदल आहे. चौथे, मुलगी मुलांबरोबर खेळत असेल तर तिला थांबवू नये. राधा तिथेच दिसली.

पण सगळे ओझे पालकांवर टाकून चालणार नाही. जळगावात जैन स्पोर्ट्स अकादमीसारखी खेळाला आधार देणारी संस्था आहे, पण खान्देशातल्या प्रत्येक तालुक्याला ती जवळची नाही. एमसीएने महिलांची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली, हे चांगले पाऊल आहे. मात्र लीग ही वरची पायरी झाली. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या मुलींचे आपसात वर्षाला आठ-दहा सामने झाले, पहिली निवड चाचणी पुण्याऐवजी धुळ्यात किंवा जळगावात झाली, आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलीबरोबर एका पालकाचे भाडे संघटनेने दिले, तर त्याला फार मोठा निधी लागणार नाही. राधाला सतराव्या वर्षी जी संधी मिळाली, ती दुसरीच्या दुखापतीमुळे. पण त्या दिवशी ती तयार होती, कारण तोपर्यंत तीन मोसम तिने मोठ्यांच्या सामन्यांत चेंडू टाकले होते.

दोन वेळा झालेला मुलींचा १९ वर्षांखालील टी-२० विश्वचषक, २०२३ चा आणि २०२५ चा, दोन्ही भारतानेच जिंकले. पहिल्याचा अंतिम सामना झाला तो पोचेफस्ट्रूमलाच, राधाने जिथे पदार्पण केले त्या गावात. राधाच्या वेळी ही स्पर्धाच नव्हती. आज बारा-तेरा वर्षांच्या मुलीसमोर राधापेक्षा जास्त पायऱ्या आहेत. सोनगीरपुरते बोलायचे तर उणीव आहे ती अगदी तळाच्या पायरीची, आणि ती धुळ्यातच बांधावी लागेल.